न वळलेला चेंडू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. २०२३ साली भारतात येण्याआधी ऑस्ट्रेलियाने सिडनीत मुद्दाम खराब केलेल्या खेळपट्टीवर सराव केला. बेंगळुरूजवळ अलूरला शिबिर घेतलं. अश्विनसारखी ॲक्शन म्हणून बडोद्याच्या महेश पिठियाला नेटमध्ये गोलंदाजीला बोलावलं. आणि एवढं करून दिल्लीच्या कसोटीत एका सकाळी ५२ धावांत ९ गडी घालवले. मग हे लोक कमी कुठे पडतात, तंत्रात की डोक्यात? आणि जाता जाता तुम्ही विचारलंय की त्या डावात इतके जण स्वीप (गुडघा टेकून आडव्या बॅटने मारायचा फटका) मारताना बाद झाले, तर तुमच्या पंधरा वर्षांच्या मुलीला तिचे सर सध्या स्वीप शिकवतायत ते थांबवावं का.

मुलीचं आधी. थांबवू नका. का ते पुढे येईलच.

मी कोण ते सांगतो, म्हणजे माझं म्हणणं किती मनावर घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी डावखुरा फिरकी गोलंदाज. मुंबईत पावसाळ्यात चालणाऱ्या कांगा लीगमध्ये चौदा पावसाळे काढले, त्याच्या वर कधी गेलो नाही. गेली वीसेक वर्षं पुण्यात मुलामुलींना शिकवतो. त्यामुळे फलंदाजीबद्दल मी जे बोलतो ते समोरच्या टोकावरून, त्या माणसाला बाद कसं करायचं हे बघत बघत शिकलेलं आहे.

'तंत्र की डोकं' या जोडीने फार हाती लागत नाही. ऑस्ट्रेलियाच्या कसोटी संघात पोचलेल्या माणसाला बचाव येत नाही हे म्हणायचं धाडस माझ्यात नाही, आणि स्टीव्ह स्मिथ मनाने कच्चा आहे असं म्हणायचं तर त्याहून नाही. मी आधी एवढंच बघेन की हे लोक बाद कुठल्या चेंडूवर होतात. टीव्हीवर हातभर वळून स्लिपच्या बाजूने गेलेला एक चेंडू आपल्याला दहा वेळा दाखवतात, आणि मग आपण धरून चालतो की गडी त्यानेच पडतायत. जरा धावफलक उघडा. दिल्लीच्या त्या डावात जडेजाने ४२ धावांत ७ बळी घेतले आणि त्यातले ५ त्रिफळाचीत होते. त्या पाचांत लाबुशेन, कमिन्स आणि लायन हे तिघे उजव्या हाताने खेळणारे. डावखुऱ्या फिरकीचा चेंडू उजव्या फलंदाजापासून बाहेर जातो. तो खरंच हातभर वळत असता तर यष्टीवर आला कसा? त्याच्या आठवडाभर आधी नागपूरला स्मिथ ३७ वर छान खेळत होता. जडेजाचा एक चेंडू वळेल म्हणून तो खेळला, चेंडू वळलाच नाही, आणि बॅट-पॅडमधल्या फटीतून स्टंपवर गेला.

माझं सगळं उत्तर याच चेंडूभोवती आहे. बाहेरून आलेला संघ तयारी करतो वळणाऱ्या चेंडूची, आणि बाद होतो न वळलेल्यावर.

पण त्याआधी थोडं कबूल करायला हवं. काही कसोट्यांत तंत्राची चर्चा व्यर्थ असते. २००४ साली वानखेडेवर ऑस्ट्रेलियाला जिंकायला १०७ हव्या होत्या आणि ते ९३ वर संपले. तेव्हाचा तो संघ मालिका आधीच जिंकून बसला होता, आणि भारतात मालिका जिंकलेल्या संघाला फिरकी येत नव्हती असं कसं म्हणायचं? अशा खेळपट्टीवर आपलीही तीच गत होते. २०१७ ला पुण्यात गहुंजेला आपण १०५ आणि १०७ मध्ये आटोपलो, ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह ओकीफने ७० धावांत १२ बळी नेले, आणि आयसीसीने त्या खेळपट्टीला 'खराब' असा शेरा दिला. नाणेफेकीचाही मोठा हात असतो. पहिल्या दिवशी फलंदाजी मिळाली आणि खेळपट्टी तीन दिवस टिकली, तर हेच फलंदाज अगदी वेगळे दिसतात. अहमदाबादला त्याच २०२३ च्या मालिकेत ख्वाजाने १८० आणि ग्रीनने ११४ केल्या. महिनाभरात दोघांचं तंत्र काही बदललं नव्हतं, खेळपट्टी बदलली होती. तेव्हा पुढचं सगळं वाचताना 'खेळपट्टी बरी असेल तर' हे गृहीत धरा.

आता गणित. घाबरू नका, पाचवीतलं आहे. मी मुलांना खडूने जमिनीवर काढून दाखवतो.

बॅटची रुंदी नियमाप्रमाणे जास्तीत जास्त सव्वाचार इंच. म्हणजे मधल्या रेषेपासून कडेपर्यंत दोन इंचांहून किंचित जास्त. चेंडू पावणेतीन इंचांच्या आसपास जाड, त्याचा अर्धा म्हणजे साधारण दीड इंचाला थोडा कमी. आता समजा तुम्ही चेंडूच्या सरळ रेषेत बॅट धरली आणि हात हलवले नाहीत. चेंडू वळून दोन इंच सरकला तरी पात्यावरच येतो. साडेतीन इंचांपेक्षा जास्त सरकला तर बॅटला लागतच नाही, बाजूने निघून जातो. या दोहोंच्या मधला जो दीड इंच उरतो, त्यात कड आहे, स्लिप आहे, आणि गोलंदाजाचं पोट आहे.

चांगला वळणारा, म्हणजे पाच अंशांनी वळणारा चेंडू टप्पा पडल्यापासून दर फुटाला साधारण एक इंच सरकतो. म्हणजे टप्प्यापासून दोन फुटांच्या आत बॅट पोचली तर तुम्ही सुरक्षित. साडेतीन फुटांच्या पलीकडे खेळलात तर चेंडू हुकेल, गोलंदाज डोक्याला हात लावेल, यष्टिरक्षक 'ऊऽऽ' करेल, पण तुम्ही खेळपट्टीवरच असाल. धोक्याचा पट्टा मधला दीड फूट.

आता वळण निम्मं करा. फुटाला अर्धा इंच. धोका निम्मा होईल असं वाटतं, हो ना? उलट होतं. आता कड लागायला चेंडूला टप्प्यापासून चार ते सात फूट अंतर पुरतं. धोक्याचा पट्टा दीड फुटाचा तीन फूट झाला. कमी वळणारा चेंडू जास्त कडा काढतो. फिरकीवर पोट भरणाऱ्या कुठल्याही माणसाला हे गणिताशिवाय ठाऊक असतं. मला ते ठाऊक व्हायला सहा पावसाळे लागले. त्याआधी मी चेंडू किती वळला यावर खूश व्हायचो आणि संध्याकाळी २२-३-७०-१ (२२ षटकं, ३ निर्धाव, ७० धावा, १ बळी) असे आकडे घेऊन लोकलने घरी यायचो.

यात पुढची पायरी महत्त्वाची. समजा फलंदाजाने मनात ठरवलं की हा चेंडू चार इंच वळणार, आणि त्याने बॅट तिथे नेली. चेंडू सरळ आला. म्हणजे तो आता बॅटच्या आतल्या बाजूने चार इंचांवरून चाललाय. बॅट हुकलीच, पण या बाजूला स्लिप आणि मोकळी हवा नाही, इथे पॅड आहे आणि पॅडच्या मागे तीन यष्ट्या. बाहेरून हुकला तर लाज जाते. आतून हुकला तर विकेट जाते. दोन चुका सारख्याच आकाराच्या आहेत, किंमत वेगळी आहे. म्हणून डावखुऱ्या फिरकीसमोर उजव्या फलंदाजाने सरळ चेंडूसाठी खेळावं, आणि वळला तर खुशाल बाजूने जाऊ द्यावा. हात त्याच्या मागे न्यायचे नाहीत. हे सांगायला सोपं आहे. समोर चार जण कोंडाळं करून बसलेत, लागोपाठ दोन चेंडू बॅटच्या बाजूने गेलेत, गर्दी ओरडतेय, आणि तरी तिसऱ्या चेंडूला बॅट त्याच सरळ रेषेत ठेवायची. दोनदा हुकलेला माणूस तिसऱ्यांदा चेंडू शोधायला जातोच. आम्ही त्याचीच वाट बघत असतो. तिसरा सरळ टाकतो.

खरं सांगायचं तर बऱ्याचदा टाकत नाही, पडतो. हे बाहेर फारसं बोललं जात नाही. आर्म बॉल, म्हणजे न वळता सरळ जाणारा चेंडू, मुद्दाम टाकता येतो, तो फलंदाजाला मनगटावरून कधी कधी कळतोही. पण तीच बोटं, तीच फिरक, तोच वेग, आणि चेंडू एकदा शिवणीवर पडून वळतो आणि एकदा शिवणीशेजारच्या गुळगुळीत चामड्यावर पडून सरळ घसरतो. तो कसा पडेल हे गोलंदाजाला माहीत नसतं, मग फलंदाज हात वाचून काय वाचणार? अक्षर पटेल आणि जडेजासारखे गोलंदाज चेंडू थोडा आडव्या हाताने, वेगात आणि सतत यष्टीच्या रेषेत टाकतात, तेव्हा ही चिठ्ठी टाकल्यासारखी अवस्था षटकामागून षटक चालू राहते. २०२१ च्या अहमदाबादच्या दिवस-रात्र कसोटीत इंग्लंड ११२ आणि ८१ मध्ये संपलं, अक्षरने ११ बळी घेतले. त्यातले बरेच सरळ चेंडूवरचे होते, कारण गुलाबी चेंडूवर लाखेचा थर जास्त असतो आणि तो टप्प्यावर आणखी सटकतो. खेळपट्टीला सगळ्यांनी शिव्या घातल्या. मी त्या दिवशी माझ्या पोरांना बसवून फक्त टप्पे मोजायला लावले होते.

जरा विषयांतर. आपल्या नाशिकच्या बापू नाडकर्णींनी जानेवारी १९६४ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध ३२ षटकांत २७ निर्धाव टाकून फक्त ५ धावा दिल्या, त्यात सलग २१ षटकं निर्धाव. बापू चेंडू फार वळवणारे म्हणून कुणाला आठवत नाहीत. नेटमध्ये खेळपट्टीवर नाणं ठेवून त्यावर टप्पा टाकायचे, हे मात्र मुंबईच्या मैदानांवर प्रत्येक डावखुऱ्या पोराला ऐकवलं जायचं. माझ्या पिढीसमोर पद्माकर शिवलकरही होते. प्रथम श्रेणीत ५८९ बळी आणि कसोटी एकही नाही. त्यांचा चेंडू वळायचा, पण फलंदाज घाबरायचे ते त्यांच्या टप्प्याला. आमच्याकडे फिरकीचं बाळकडू असं पाजलं जायचं, आणि जडेजा त्याच घराण्यातला आहे असं मला वाटतं. बिनशर्त आपुलकीचं मत आहे, तेवढं सवलतीत घ्या.

मग ऑस्ट्रेलियाचाच माणूस इथे जास्त का अडकतो? तो मोठा झालाय कडक, उसळीच्या खेळपट्ट्यांवर. तिथे फिरकी गोलंदाज चेंडूला वरून पुढे फिरक देतो, कारण त्याला उसळी मिळते. नेथन लायन बघा, त्याची निम्मी कमाई उसळीवर आहे. अशा ठिकाणी गुड लेंग्थवर पडलेला चेंडू बऱ्याचदा यष्टीच्या वरून जातो. म्हणजे बॅट हुकली आणि पॅडला लागला तरी पंच हात वर करणार नाही. मागच्या पायावर जाऊन उंच हातांनी खेळायला वेळ मिळतो. तिथल्या कुकाबुरा कंपनीच्या चेंडूची शिवण लवकर बसते, म्हणून चाळीस षटकांनंतर हाताला पकड मिळत नाही. या सगळ्यातून वर्षानुवर्षं अंगात मुरतं ते एवढंच: फिरकीचा चेंडू चुकला तर फार बिघडत नाही.

हेच हात भारतात आले की चेंडू एसजी या भारतीय कंपनीचा असतो, त्याची शिवण जाड आणि हाताने शिवलेली, आणि उसळी गुडघ्याच्या खाली. मागे जाऊन खेळायला गेलं तर तो घोट्यावर येतो. वर डीआरएस आहे, म्हणजे पंचांचा निर्णय टीव्हीवर पुन्हा तपासून घ्यायची सोय. पूर्वी लांब पाय टाकून बॅट पॅडच्या मागे लपवली तरी पंच सहसा पायचीत द्यायचे नाहीत. भारताने द्विपक्षीय मालिकांत डीआरएस स्वीकारला तो २०१६ अखेरीस, इंग्लंडच्या दौऱ्यापासून. त्यानंतर तो पॅडचा आडोसा गेला. आता आतल्या बाजूची प्रत्येक चूक मोजली जाते.

आता स्वीप. इथे जरा थांबून बघू, कारण दिल्लीबद्दल सगळे चुकीचा धडा घेतात.

सरळ बॅट उभी असते. चेंडू वर-खाली झाला तर ती सांभाळून घेते, डावी-उजवीकडे सरकला तर फक्त सव्वाचार इंच हातात असतात. स्वीपला बॅट आडवी होते. आता चेंडू कितीही वळू दे, बॅटची लांबी त्याला पुरून उरते, पण वर-खालीला मात्र तेच सव्वाचार इंच. म्हणजे स्वीप मारणारा माणूस वळणाची चिंता देऊन उसळीची चिंता विकत घेतो. जिथे वळण बेभरवशाचं आणि उसळी भरवशाची, तिथे हा सौदा फायद्याचा आहे. २००१ मध्ये मॅथ्यू हेडनने याच हिशेबावर तीन कसोटींत ५४९ धावा केल्या, चेन्नईत २०३. येण्याआधी त्याने घरी खराब खेळपट्ट्यांवर स्वीपच घोटला होता. उंच माणूस, लांब हात, आणि वानखेडे-चेपॉकसारख्या उसळी देणाऱ्या खेळपट्ट्या. समोर हरभजन त्या मालिकेत ३२ बळी घेत होता, तरी. २०१८ ला दुबईत ख्वाजाने पाकिस्तानसमोर शेवटच्या डावात ३०२ चेंडू खेळून १४१ केल्या आणि कसोटी वाचवली, त्यात लेगस्पिनर यासिर शाहला रिव्हर्स स्वीप (उलट्या बाजूला मारलेला स्वीप) करून करून जेरीस आणलं होतं.

दिल्लीच्या कोटलाची खेळपट्टी बरोबर उलटी. वळण ठीकठाक, पण चेंडू खाली राहतो, आणि तिसऱ्या सकाळी कधी नडगीवर तर कधी घोट्यावर. तिथे आडवी बॅट म्हणजे ज्याची खात्री नाही तेच गहाण ठेवणं. शिवाय जडेजा आणि अश्विन यष्टीवर टाकत होते. चेंडू ऑफ स्टंपच्या बाहेर असेल तर स्वीप हुकला तरी जीव वाचतो. यष्टीच्या रेषेत असेल तर हुकला की पायचीत किंवा त्रिफळाचीत, तिसरी शक्यता नाही. त्या डावात सहा जण स्वीप किंवा रिव्हर्स स्वीपच्या मागे लागून गेले. ९५ धावसंख्येवर चार गडी पडले. कमिन्सने आल्या आल्या पहिल्याच चेंडूला आडवी बॅट फिरवली, त्याचं समर्थन कुठल्याच गणितात बसत नाही.

आणि तरी मी त्यांना मूर्ख म्हणणार नाही. आदल्या संध्याकाळी ते १ बाद ६१ होते, ट्रॅव्हिस हेड सुटला होता, तिसऱ्या सकाळी तो पहिल्याच षटकात गेला. सामना हातात आहे असं वाटत असताना अचानक धाव निघेना झाली की माणूस ज्या फटक्याचा सर्वांत जास्त सराव केलाय तिकडे धावतो. त्यांनी तयारीत स्वीप घोटला होता. अलूरला घोटलेला फटका कोटलावर बाहेर आला, एवढंच.

म्हणून नेटबद्दल एक गोष्ट सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका पाहुण्या संघाला नेट गोलंदाज हवे होते, आम्हा चौघापाच जणांना बोलावणं आलं. संघाचं नाव नको. त्यांच्या माणसाने खेळपट्टीवर टप्प्याच्या जागी बुटांनी चांगलं खरवडलं आणि मला म्हणाला, इथेच टाक आणि जमेल तितकं वळव. मी तासभर तेच केलं. चेंडू जवळजवळ काटकोनात वळत होते. पहिली वीस मिनिटं फलंदाज चाचपडले, मग सरावले, शेवटी शेवटी तर टोलवायला लागले. सगळे खूश. मधे एकदा माझ्या हातून चेंडू खरवडलेल्या जागेच्या वीतभर पुढे पडला आणि सरळ जाऊन मधल्या यष्टीवर आदळला. फलंदाजाने हसून चेंडू परत टाकला आणि म्हणाला, हा नको धरू, हा वळलाच नाही.

त्याच्या दृष्टीने तो माझा चुकलेला चेंडू होता. तासाभरात मी टाकलेला तो एकच खरा भारतीय चेंडू होता, आणि तो हिशेबात धरला गेला नाही. पुढे त्या दौऱ्यात काय झालं ते सांगायला नको. तुम्ही विचारलेल्या अश्विनसारख्या ॲक्शनच्या मुलाचंही थोडं असंच. ॲक्शन सारखी असून उपयोग मर्यादित. अश्विनची खरी चीज म्हणजे तो एका षटकात सहा वेगळे टप्पे, सहा वेगळे वेग टाकायचा आणि तुमचा पाय बघून पुढचा ठरवायचा. ते नेटमध्ये उसनं मिळत नाही. शिवाय नेटमध्ये बॅटला खेटून उभे असणारे शॉर्ट लेग, सिली पॉइंट हे क्षेत्ररक्षक नसतात, आणि बाद झालेला माणूस पुढचा चेंडू खेळायला तिथेच उभा असतो.

ज्यांना जमलं त्यांनी काय केलं? २०१७ चा ऑस्ट्रेलियाचा संघ मला फार आवडला होता. दुबईत तयारी करून आले होते, सोबत सल्लागार म्हणून चेन्नईचा श्रीधरन श्रीराम. बहुतेक जण सरळ रेषेला खेळत होते आणि वळलेला चेंडू जाऊ देत होते. पुण्यात दुसऱ्या डावात स्मिथचं १०९ बघा. किती वेळा बॅटच्या बाजूने चेंडू गेला असेल, त्याने एकदाही तोंड वाकडं केलं नाही. रांचीला शेवटच्या दिवशी हँड्सकोम्ब आणि शॉन मार्श ६२ षटकं उभे राहिले आणि कसोटी वाचवली. पुण्यातलाच ओकीफ त्याच सूत्राची दुसरी बाजू. पहिल्या डावात आपण ३ बाद ९४ होतो. लंचच्या वेळात श्रीरामबरोबर थोडी गोलंदाजी करून तो आला होता, आणि पुढचे ७ गडी ११ धावांत गेले. आपले लोक वळणासाठी खेळत होते. २०२४ ला त्याच गहुंजेला न्यूझीलंडच्या मिचेल सँटनरने १३ बळी घेतले तेव्हा मला ओकीफ आठवला. तेव्हा हा काही गोऱ्या लोकांचा आजार नाही, आपल्या घरातही शिरलाय.

नुसतं अडवून धरणं हा मात्र उपाय नाही. २०१६ ला श्रीलंकेत पल्लेकेलेला ऑस्ट्रेलियाचे नेव्हिल आणि ओकीफ १७८ चेंडू खेळले आणि भागीदारी झाली ४ धावांची. बघायला रोमांचक होतं, मी चहा गार केला, पण श्रीलंकेचा फिरकी गोलंदाज हेराथला काय फरक पडणार? त्याने कोंडाळं तसंच ठेवलं. ती मालिका ऑस्ट्रेलिया ०-३ हरलं, हेराथने २८ बळी घेतले. गोलंदाजाचा टप्पा बदलायला लावणं फलंदाजाच्या हातात आहे आणि ते केलंच पाहिजे. कुणी पुढे सरसावून करतं, मायकेल क्लार्कने २००४ ला बेंगळुरूत पदार्पणातच १५१ केल्या त्या मोठ्या प्रमाणात पायांच्या जोरावर. कुणी स्वीपने. दोन-तीन चांगले स्वीप बसले की गोलंदाज टप्पा आखूड करतो, आणि आखूड पडलेल्या चेंडूवर मागे जाऊन खेळायला सेकंदाचा पाचवा भाग तरी मिळतो. तो पुरेसा असतो. अर्धवट पुढे येणाऱ्याला याच्या निम्माही मिळत नाही. २०२५ च्या सुरुवातीला श्रीलंकेत गॉलला ख्वाजाने २३२, स्मिथने १४१ आणि इंग्लिसने पदार्पणात १०२ केल्या, संघाच्या ६ बाद ६५४ झाल्या, त्यात हे सगळंच होतं: स्वीप, पाय, मागचा पाय. नाणेफेकही त्यांनीच जिंकली होती, ते विसरायचं नाही.

आता तुमच्या मुलीसाठी. तिला स्वीप शिकू द्या, पण तिच्या सरांना एक विचारा: कुठल्या चेंडूला स्वीप मारायचा नाही हे तिला सांगितलंय का? आमच्याकडे नियम साधा आहे. पहिली तीन षटकं स्वीप बंद. तेवढ्यात यष्टिरक्षक चेंडू कुठल्या उंचीवर पकडतोय ते बघायचं. कमरेला पकडत असेल तर खुशाल मारा. घोट्याजवळ पकडत असेल तर यष्टीच्या रेषेतला चेंडू आडवा खेळायचा नाही, बाहेरचा खेळा हवं तर.

तुम्ही लिहिलंय ती डावखुरी आहे. मग तिच्यासाठी बाजू उलट होते: ऑफस्पिन तिच्यापासून बाहेर जाणार, आणि तिला आतून बाद करणारा चेंडू म्हणजे न वळलेला ऑफस्पिन. बाकी हिशेब तोच. फरक एवढाच की तिच्याच टोकाकडून टाकून गेलेल्या उजव्या जलद गोलंदाजांच्या पायांनी तिच्या ऑफ स्टंपबाहेरच जमीन उकरलेली असते, तेव्हा बाजूने जाणारे चेंडू तिला जास्त दिसतील. त्यांची सवय लागू दे.

सराव घरासमोरच्या सिमेंटवरही होतो. पुढे पाय टाकून तिची बॅट जिथे जमिनीला टेकते तिथपासून गोलंदाजाच्या बाजूला दोन फुटांवर एक रेघ आणि साडेतीन फुटांवर दुसरी. तुम्ही हाताने, खालून, चेंडू फिरकी देऊन टाका, टेनिस बॉल नको, सिंथेटिक घ्या. तिने फक्त तोंडाने सांगायचं, टप्पा पडता पडता: 'आत', 'मध्ये' किंवा 'बाहेर'. खेळायचं नंतर. पहिले आठ दिवस बॅट हातात न घेता केलं तरी चालेल. आणि दर सहा चेंडूंत निदान दोन अजिबात न फिरवता टाका, तिला न सांगता, कुठले ते तुम्हीही आधी ठरवू नका. तिने 'हा वळला नाही' म्हणून तक्रार केली तर तो चेंडू धरायचा.

खडू ओला करून रेघ मारा. कोरडी रेघ दोन षटकांत पुसते.